रेस वाढते, गाडी नाही

नागझिऱ्याच्या पिटेझरी आणि चोरखमारा गेटांसमोर सफारीच्या वेळी उभ्या असलेल्या गाड्या नीट पाहिल्या, तर एक बदल लक्षात येतो. पर्यटकांना आत नेणाऱ्या बहुतेक जिप्सी अजून जुन्याच वळणाच्या आहेत. क्लच दाबायचा, हाताने गिअर टाकायचा, चढ आला की फोर-व्हीलचा दांडा ओढायचा. पर्यटक मात्र ज्या गाड्यांतून येतात, त्यांत क्लचचं पेडल नसलेल्या गाड्या दरवर्षी वाढताना दिसतात. नागपूर, भंडारा, गोंदिया, रायपूरहून येणाऱ्या या गाड्यांतल्या कितीतरी नव्या नसतात. शहरात कुणीतरी हौसेने घेतलेली, काही वर्षं वापरून विकलेली ऑटोमॅटिक गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे येते आणि तालुक्याच्या गावी पोहोचते. तिच्याबरोबर तिची दुरुस्ती जाणणारा माणूस मात्र येत नाही.

आमच्याकडे अशीच एक गाडी आहे. चार गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला जुना ऑटोमॅटिक बॉक्स. बाबांच्या गुडघ्यांना क्लच दाबणं झेपेना, म्हणून ती सेकंडहँड घेतली. तिने आम्हाला छान साथ दिली. मग एका मे महिन्यात साकोलीहून पिटेझरीकडे जाताना, गाडी चांगली तापलेली असताना, दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना इंजिनचा आवाज एकदम चढला. आरपीएमचा काटा वर गेला, पण वेग तिथेच राहिला. क्षणभराने हलका झटका बसला आणि गाडी पुन्हा ओढू लागली. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

गेटजवळ थांबलेल्या एका जिप्सीचालकाला हे सांगितलं तर त्याने रोग लगेच ओळखला. "रेस वाढते आन् गाडी वाढत नाही, म्हंजे पलेट घसरते जी." मग गाडीच्या आत डोकावून त्याने विचारलं, "पण ताई, याच्यात क्लच पलेट कुठी रायते?"

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. कारण पुढच्या काही दिवसांत ज्यांना ज्यांना गाडी दाखवली, त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर एकच होतं: बॉक्स गेला, काढा आणि दुसरा बसवा. तेल कुणी पाहिलं नाही. चालवून कुणी पाहिली नाही. गाडीच्या उरलेल्या किमतीशी बरोबरी करणारा खर्च मात्र सगळ्यांनी सांगितला. आजूबाजूला विचारल्यावर कळलं की या भागातल्या अनेक जुन्या ऑटोमॅटिक गाड्या अशाच एका वाक्यावर भंगारात किंवा मातीमोल भावात गेल्या आहेत. मला हे खटकतं. गिअरबॉक्स घसरणं हे लक्षण आहे, आणि लक्षणावरून थेट ऑपरेशनला जाणारा डॉक्टर आपण पत्करला नसता.

जिप्सीत प्लेट घसरते का हे पाहायची रीत इकडच्या कुठल्याही चालकाला ठाऊक असते. सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढायचा, वरचा गिअर टाकायचा, थोडी रेस देऊन क्लच सोडायचा. इंजिन धडपडून बंद पडलं तर प्लेट ठीक आहे. इंजिन आरामात फिरत राहिलं तर प्लेट संपली. एक प्लेट, एक प्रेशर प्लेट, एक बेअरिंग, एवढाच संसार. १९८५च्या शेवटी बाजारात आलेली ही गाडी इतकी वर्षं जंगलात टिकली, याचं एक कारण हा सोपेपणा आहे.

ऑटोमॅटिकमध्ये प्लेट एक नसते. गिअरबॉक्सच्या आत तीन-चार ठिकाणी प्लेटांचे गठ्ठे असतात. एक पोलादी चकती, मग घर्षणाचा कागदी थर असलेली एक, पुन्हा पोलादी, अशी रचना. त्यांना दाबायला पाय किंवा तार नसून तेल असतं. पंप तेलाला दाब देतो, व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या चक्रव्यूहातून ते योग्य गठ्ठ्यामागच्या पिस्टनपर्यंत पोहोचतं, पिस्टन प्लेटांना आवळतो आणि गिअर लागतो. कुठल्या वेळी कुठली वाट उघडायची हे सोलेनॉइड ठरवतात आणि सोलेनॉइडला हुकूम कॉम्प्युटर देतो. इंजिन आणि या सगळ्याच्या मध्ये असतो टॉर्क कन्व्हर्टर. तिथे इंजिनकडचा पंखा तेल फेकतो, ते तेल समोरच्या पंख्याला फिरवतं, आणि मधला स्टेटर परतणारं तेल अशा कोनात वळवतो की सुरुवातीला ताकद दुपटीच्या आसपास वाढते. म्हणजे इथे तेल वंगण आहे, हात आहे आणि गाडीला पुढे ढकलणारी शक्तीही तेच आहे. ऑटोमॅटिकच्या जवळपास प्रत्येक तक्रारीची चौकशी तेलापासून सुरू करायची, ती याचसाठी.

गोंदियाला टॉर्क कन्व्हर्टर परका नाही, हे इथे सांगितलंच पाहिजे. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये जहाजांसाठी ज्या कल्पनेचं पेटंट घेतलं, तीच पुढे अमेरिकन मोटारींत आली, आणि तीच रेल्वेच्या डिझेल-हायड्रॉलिक इंजिनांतही आली. भारतीय रेल्वेचे अभियंते मनमोहन सुरी यांनी यात स्वतःची भर घातली. गाडी हलवताना टॉर्क कन्व्हर्टर आणि वेग आल्यावर थेट यांत्रिक जोडणी, अशी त्यांची सुरी ट्रान्समिशन होती. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला जाणाऱ्या छोट्या रेल्वेवर झेडडीएम मालिकेतली डिझेल-हायड्रॉलिक इंजिनं धावत, आणि त्या इंजिनांचं घर होतं नागपूरचं मोतीबाग शेड. छोटी लाइन गेली आणि ते कसब शेडच्या भिंतीबाहेर कधी आलंच नाही. नाहीतर तेलाच्या दाबावर चालणारा बॉक्स कसा तपासायचा, हे विचारायला आम्हाला फार लांब जावं लागलं नसतं.

शेवटी नागपुरात एक वयस्क मिस्त्री भेटले. ते फक्त ऑटोमॅटिकचं काम करतात. त्यांनी बॉक्सला हात लावण्याआधी प्रश्नच विचारले. घसरते कधी, थंड असताना की तापल्यावर? कुठल्या गिअरमध्ये? चढावर, वळणावर की सगळीकडे? रिव्हर्स कशी लागते? तेल कधी, कुठलं घातलं? रेडिएटरमध्ये काय घालता? त्यांचं म्हणणं असं की अर्धं निदान या उत्तरांत असतं, आणि गिऱ्हाइकाला ती देता आली पाहिजेत. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येक ऑटोमॅटिकवाल्याला सांगते, गाडी घसरली तर घाबरून दामटू नका. बाजूला घ्या आणि त्या क्षणी काय चाललं होतं ते लिहून ठेवा.

त्याआधीचा एक प्रश्न तर त्यांनी फोनवरच मिटवला होता: ऑटोमॅटिक म्हणजे नक्की कुठली? हा फरक आपल्याकडे फार पुसट झाला आहे. २०१४ साली मारुती सेलेरिओबरोबर एएमटी आली आणि स्वस्त ऑटोमॅटिक घराघरांत पोहोचली. तिच्या पोटात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो. क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम एक यंत्र करतं, एवढंच. एएमटी घसरली तर बहुतेकदा खरंच क्लच प्लेट झिजलेली असते, आणि जिप्सीची प्लेट बदलणारा मिस्त्री तिची प्लेट बदलू शकतो. फक्त नंतर स्कॅनर लावून यंत्राला नव्या प्लेटची ओळख करून द्यावी लागते. सीव्हीटीचं प्रकरण निराळं. तिथे दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा असतो, तिचं तेल वेगळं असतं, आणि ती घसरत असताना चालवत राहिलं तर पट्टा पुलीवर कायमचे ओरखडे काढतो. या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारली की उपचारही एकच सुचतो, बॉक्स बदला.

आमची टॉर्क कन्व्हर्टरवाली. म्हणून पहिलं काम डिपस्टिक. यातही एक पद्धत आहे आणि ती इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे. बहुतेक जुन्या बॉक्समध्ये तेल तपासताना गाडी सपाट जागी हवी, तापलेली हवी आणि इंजिन चालू हवं. ब्रेक दाबून लिव्हर एकदा पीपासून एलपर्यंत प्रत्येक जागी थांबवत न्यायचा, परत आणायचा आणि मग पट्टी ओढायची. काही गाड्यांत कंपनीने वेगळी रीत दिलेली असते, म्हणून मॅन्युअल पाहायचंच. थंड आणि बंद गाडीत पट्टी ओढून 'तेल आहे' म्हणणाऱ्याने काहीच तपासलेलं नसतं.

मिस्त्रींनी पट्टीवरचं तेल पांढऱ्या कागदावर टेकवलं. चांगलं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल, लाल आणि पारदर्शक असतं. वापराने ते तपकिरीकडे झुकतं, त्यात घाबरण्यासारखं फारसं नाही. काळं पडलं आणि करपल्याचा वास आला तर प्लेटांचा थर जळतो आहे. गुलाबी दुधासारखं झालं असेल तर रेडिएटरच्या आतला तेलाचा कूलर फुटून पाणी तेलात शिरलंय, आणि पाणी कागदी थराचा गोंद सोडवतं. अशी गाडी एक किलोमीटरही चालवायची नाही. फेस असेल तर तेल कमी आहे किंवा जास्त आहे, कारण दोन्हींत पंप किंवा फिरते भाग हवा घुसळतात, आणि हवा दाबली जाते, तेलासारखा जोर लावू शकत नाही.

आमचं तेल गडद तपकिरी होतं, किंचित करपलेलं, बारीक फेस असलेलं आणि खालच्या खुणेच्याही खाली.

ऑटोमॅटिक तेल पीत नाही. कमी झालं म्हणजे कुठूनतरी गेलं. पण घरी फरशीवर कधी डाग दिसला नव्हता. गाडी वर घेतल्यावर उत्तर सापडलं. डाव्या अॅक्सलच्या ऑइल सीलभोवती तेलकट मातीचा जाड थर होता. गाडी उभी असताना तिथून थेंबही पडत नव्हता. धावताना अॅक्सल फिरत असे, आतला दाब वाढत असे आणि तेल वाऱ्याबरोबर मागे उडून जात असे. फरशीवरच्या डागावर विश्वास ठेवू नका, चाकाच्या आतल्या बाजूला हात फिरवा, असं मिस्त्री म्हणाले ते यासाठी.

सील बदललं आणि कंपनीने सांगितलेलंच एटीएफ घातलं. हेही ठासून सांगायला हवं. एटीएफ एक नसतं. डेक्सरॉन-३, एसपी-३, टी-४, डब्ल्यूएस, झेड-१ ही नुसती लेबलं नाहीत. प्लेटा एकमेकींना किती लवकर आणि किती घट्ट धराव्यात हे त्या तेलातली रसायनं ठरवतात. तालुक्याच्या दुकानात यातलं हवं ते मिळेलच असं नाही, आणि मग मॅन्युअल गाडीचं जाड गिअर ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं जे असेल ते ओतलं जातं. नागपूरहून योग्य डबा मागवायला एखादा दिवस लागतो. तेवढा दिवस थांबावं.

आणखी एक भीती सर्वत्र ऐकू येते: जुन्या बॉक्सचं तेल बदललं की बॉक्स मरतो. यात तथ्य एवढंच की प्लेटा आधीच जळल्या असतील तर काळ्या तेलात तरंगणारी त्यांची भुकटीच थोडीफार पकड देत असते, आणि नवं स्वच्छ तेल ते सोंग उघडं पाडतं. तेलाने मारलेलं नसतं. तरीही मशीन लावून पूर्ण फ्लश करण्यापेक्षा चेंबरचं तेल काढून तेवढंच भरणं आणि थोडं चालवून पुन्हा तसं करणं सुरक्षित. चेंबरमधून एका वेळी एकूण तेलाचा काही भागच निघतो, बाकीचं कन्व्हर्टर आणि वाहिन्यांत राहतं.

चेंबर उघडल्यावर तळाशी चिकटवलेली चुंबकं दिसली. त्यांवर राखाडी लगदा जमला होता. तो सगळ्याच जुन्या बॉक्समध्ये असतो, पोलादाची ती रोजची झीज. धातूचे टोचणारे तुकडे असते तर आतला कुठलातरी भाग तुटलेला ठरला असता. तुकडे नव्हते. काळे, कागदी कण मात्र होते.

तेल पूर्ण भरल्यावर गाडी खूप सुधारली. थंड असताना तर तक्रार उरलीच नाही. अनेकजण इथे थांबतील आणि अनेकदा ते बरोबरही ठरेल, कारण तेल कमी असणं हे घसरण्याचं सर्वांत साधं आणि स्वस्त कारण आहे. पण आमची गाडी तापल्यावर अजून घसरत होती, तिसऱ्या गिअरमध्येच, आणि रिव्हर्सही उशिरा लागत होती.

इथून पुढचं काम मला सर्वांत आवडलं. प्रत्येक ऑटोमॅटिकच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये एक तक्ता असतो: कुठल्या गिअरला कुठला प्लेटांचा गठ्ठा लागतो. मिस्त्रींनी तो समोर ठेवला आणि बोट फिरवलं. पहिला आणि दुसरा गिअर व्यवस्थित, म्हणजे फॉरवर्ड क्लच व्यवस्थित. तिसरा घसरतो. रिव्हर्स ढिली. या दोघांत समान काय? आमच्या बॉक्सच्या तक्त्यात तिसऱ्या गिअरला आणि रिव्हर्सला डायरेक्ट क्लच लागतो, पहिल्या-दुसऱ्याला लागत नाही. गाडी अजून पूर्ण बांधलेली होती आणि संशयित एकच उरला होता. बाबांनी त्या तक्त्याचा फोटो काढून घेतला.

मग पुरावे गोळा करायचे. न्यूट्रलमधून डीमध्ये लिव्हर टाकल्यापासून गिअर लागल्याचा हलका धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोजला. साधारण एक सेकंदाच्या आसपास लागायला हवा, तेवढाच लागला. रिव्हर्सला दीड सेकंदापर्यंत चालतं, आमची त्याहून स्पष्टपणे उशिरा लागली. त्यानंतर स्टॉल टेस्ट. ही घरी करायची नाही. चारही चाकांना ठोकळे, हँडब्रेक, पायाचा ब्रेक पूर्ण, समोर कुणी नाही. डीमध्ये टाकून पूर्ण रेस द्यायची आणि आरपीएम कुठे अडतं ते पाहायचं. पाच सेकंदांहून जास्त कधीच नाही, कारण इंजिनची सगळी ताकद तेव्हा कन्व्हर्टरमधलं तेल तापवण्यात जात असते. पुढच्या फेरीआधी न्यूट्रलमध्ये ठेवून थंड होऊ द्यायचं. डीमध्ये काटा २,४०० जवळ अडला, मॅन्युअलच्या मर्यादेत. रिव्हर्समध्ये तो ३,०००च्या पुढे निघाला आणि मिस्त्रींनी लगेच पाय काढला. दोन्हीकडे जास्त असता तर दोष सगळीकडे पोहोचणाऱ्या दाबाचा, म्हणजे पंपाचा, फिल्टरचा किंवा मुख्य व्हॉल्व्हचा. दोन्हीकडे फार कमी असता तर इंजिन दमलेलं किंवा कन्व्हर्टरचा स्टेटर सुटलेला. इथे एकाच बाजूला जास्त.

दाबही मोजला. बॉक्सच्या अंगावर त्यासाठी एक बंद केलेलं भोक असतं. त्याला मीटर जोडतात. मॅन्युअलप्रमाणे आयडलला दर चौरस सेंटीमीटरला ४ किलोच्या आसपास आणि पूर्ण भाराला १० च्या वर हवा होता. तेवढा मिळत होता. पंप निर्दोष.

राहिला स्कॅनर. आपल्याकडे गाड्यांना ओबीडीची, म्हणजे दोषाचे कोड नोंदवणाऱ्या यंत्रणेची, सक्ती टप्प्याटप्प्याने आली, पहिला टप्पा २०१० मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये. त्याआधीच्या गाडीला आजचा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर लागेलच असं नाही. काही जुन्या गाड्या तर डॅशबोर्डवरचा ओव्हरड्राइव्हचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकवून कोड सांगतात, तो दिवा मोजता आला पाहिजे. नव्या पद्धतीत पी०७०० हा कोड 'बॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचंय' एवढंच सांगतो. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर चुकतंय, आणि पी०७३१ ते पी०७३४ हे पहिल्या ते चौथ्या गिअरचे. पी०७४१ आला तर कन्व्हर्टरचा लॉक-अप, म्हणजे स्थिर वेगात त्याच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा क्लच, नीट लागत नाही. बऱ्याचदा लोकांना घसरणं वाटतं ते याच लॉक-अपचं थरथरणं असतं. स्थिर वेगात चालताना डाव्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श केला की लॉक-अप सुटतो. थरथर लगेच थांबली तर बॉक्समधल्या गिअरच्या प्लेटांना दोष देऊ नये.

कोड म्हणजे निदान नव्हे, हे मात्र मिस्त्री पुनःपुन्हा सांगत होते. पी०७३३ वाचून कुणी सोलेनॉइड बदलतो, कुणी सेन्सर. आमच्या गाडीत कोड नव्हताच. त्यांनी त्यांच्या जुन्या मोठ्या स्कॅनरवर दोन आकडे शेजारी लावले: बॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा वेग आणि बाहेर पडणाऱ्याचा. तिसरा गिअर एकास एक असतो, म्हणून तिथे दोन्ही आकडे सारखे हवेत. तापलेल्या गाडीत, भंडारा रोडवर, शिरणारा २,१५० आणि निघणारा १,७६०. सुमारे १८ टक्के फिरणं उष्णता होऊन वाया जात होतं. आता बॉक्स उघडायला हरकत नव्हती.

व्हॉल्व्ह बॉडी उतरवल्यावर डायरेक्ट क्लचच्या वाहिनीत कॉम्प्रेसरची हवा सोडली. निरोगी क्लच अशा वेळी 'ठक' करून बसतो. आमचा नुसता फुसफुसत राहिला. पिस्टनचं रबरी सील प्लास्टिकसारखं कडक झालं होतं. तापल्यावर तेल पातळ होई आणि त्याच्या कडेने निसटून जाई. थंड तेल जाड, म्हणून थंड गाडी चांगली. त्या गठ्ठ्यातल्या प्लेटा काळ्या होत्या, पोलादी चकत्यांवर निळसर डाग. इतर गठ्ठे चांगल्या स्थितीत.

इतर गॅरेजांनी बॉक्स काढून दुसरा बसवला असता, तर याच जळालेल्या प्लेटा दाखवून 'बघा, सांगितलं नव्हतं?' असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नसतं. पण प्लेटा जळण्याचं कारण प्लेटांमध्ये नव्हतं. सील कडक झालं अतिउष्णतेने. उष्णता वाढली दोन कारणांनी. एक, तेल कमी होतं. दुसरं रेडिएटरमध्ये सापडलं. या बॉक्सचं तेल रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरमधून थंड होऊन येतं, आणि आमच्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलं गेलं होतं, आमच्या आधीच्या मालकांकडून आणि वाटेतल्या पंपांवर. विदर्भातल्या बोअरचं जड पाणी आत पांढरा क्षार साचवतं. पाणी वाहत राहतं, इंजिनचा काटा मर्यादेत दिसतो, पण कूलरचा तेवढा भाग निकामी होत जातो. गिअरबॉक्सवाल्यांचा जुना ठोकताळा असा की तेल ८० अंशांच्या आसपास राहिलं तर दीर्घकाळ टिकतं, आणि त्यावर प्रत्येक दहा-अकरा अंशांना त्याचं आयुष्य अर्धं होतं. आता मे महिन्यातली ४५ अंशांची दुपार, चालू एसी, आणि जंगलाकडच्या अरुंद रस्त्यावर गुरं, सायकली, गतिरोधक यांतून रखडत जाणं हे त्यात मिळवा. कमी वेगात कन्व्हर्टर सर्वांत जास्त तापतो आणि रेडिएटरला वारा सर्वांत कमी मिळतो.

तेल कमी का झालं? अॅक्सलचं सील गळलं. सील का गळलं? ते जुनं होतं हे खरं, पण मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली. बॉक्सच्या माथ्यावर श्वास घेण्यासाठी एक छोटी नळी असते, ब्रीदर. ती पावसाळ्यातल्या कच्च्या रस्त्यांच्या वाळलेल्या चिखलाने बुजली होती. तापलेल्या तेलाची वाफ आणि हवा वर जायला वाट नसली की दाब सर्वांत कमजोर सीलवर येतो. ब्रीदर साफ न करता नुसतं सील घातलं असतं तर तेही यथावकाश गळलं असतं. आणि रेडिएटर तसाच ठेवून नवा बॉक्स बसवला असता तर पुढच्या उन्हाळ्यांत तोही याच रस्त्याने गेला असता. एका नळीतला चिखल आणि एका टाकीतला क्षार, इथपर्यंत जाऊन पोहोचलं तेव्हा निदान पूर्ण झालं.

नागझिऱ्याकडे ऑटोमॅटिक घेऊन येणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे चूक महाग पडते. व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या रस्त्यांवर मदत मागायची म्हणजे जवळचा ट्रॅक्टर आणि दोरी. गावची माणसं मनापासून धावून येतात. पण टॉर्क कन्व्हर्टरवाल्या बॉक्सचा तेलपंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी चाकांवर ओढली की बॉक्सचे भाग फिरतात आणि त्यांना तेल मिळत नाही. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर पुढची चाकं जमिनीवरून उचललेली हवीत, किंवा सरळ पूर्ण गाडी ट्रकवर चढवायची. फारच नाइलाज असला तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगात आणि अंतरातच, न्यूट्रलमध्ये. ढकलून सुरू करण्याचा तर प्रश्नच नाही. घसरू लागली तर सावलीत थांबा, न्यूट्रल किंवा पीमध्ये इंजिन थोडा वेळ चालू ठेवा, म्हणजे तेल कूलरमधून फिरेल. मग तेल पाहा आणि हलक्या पायाने जवळच्या गावापर्यंत या.

हे सगळं शिकायला नागपूरला जावं लागू नये. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा कोर्स आहे. तो करून बाहेर पडलेली मुलं गोंदिया, तिरोडा, साकोलीच्या गॅरेजांत भेटली. क्लचचं काम त्यांचं सफाईदार आहे. एका मुलाला मी आमच्या बॉक्सच्या तक्त्याचा फोटो दाखवला, तर त्याने स्वतःहून तिसरा गिअर आणि रिव्हर्स यांच्या ओळींवर बोट ठेवलं. त्याला कमी होतं ते एक कापून उघडा केलेला बॉक्स, एक दाबाचं मीटर आणि शिकवणारा माणूस. भंगारात निघालेल्या ऑटोमॅटिक गाड्यांतून पहिली गोष्ट जवळपास फुकट मिळेल.

डायरेक्ट क्लचच्या प्लेटा, सगळी रबरी सीलं, फिल्टर, अॅक्सल सील आणि नवा रेडिएटर, एवढ्यावर आमचं काम झालं. कूलरच्या नळ्या धुऊन घेतल्या, नाहीतर जुनी भुकटी दुरुस्त केलेल्या बॉक्समध्ये परत येते. ट्रायलला मिस्त्रींनी मुद्दाम दुपारची वेळ निवडली आणि एसी चालू ठेवून गाडी पूर्ण तापवली. तिसऱ्या गिअरमध्ये स्कॅनरवरचे दोन्ही आकडे २,१००. रिव्हर्स एका सेकंदात लागली. हजार किलोमीटरनंतर चेंबरचं तेल पुन्हा बदलायचं आणि चुंबकं पाहायची, असं त्यांनी बिलाच्या मागे लिहून दिलं. त्याखाली दुसरी ओळ: ब्रीदर दर पावसाळ्यानंतर साफ करणे.